पंचाला विचारावं लागतं

त्या उन्हाळ्यात आमच्या घरात कोण जास्त दमलंय याची चढाओढ लागली होती. निहार, आमचा मुलगा, पहाटेची गाडी पकडून हॅमिल्टनहून टोरंटोला ऑफिसला जायचा आणि संध्याकाळी येऊन बुटांसकट सोफ्यावर आडवा व्हायचा. अवंतिका, आमची सून, हॉस्पिटलच्या लॅबमधली शिफ्ट संपवून यायची आणि फ्रीज उघडून नुसतीच उभी राहायची. आठ वर्षांची नात ऊर्मीसुद्धा दप्तर टाकून म्हणायची, "आय ॲम एक्झॉस्टेड, आजी." मी या सगळ्यांचं करून दमायचे. आणि आमचे हे, सुधाकर, काहीही न करता दमायचे. खिडकीशी बसून समोरच्या घराचं गवत बघायचे आणि दमायचे.

त्यांचं दमणं वेगळं आहे हे मला कळत होतं. कामाने दमलेला माणूस झोपून उठला की ताजा होतो. हे सकाळी उठायचे तेच थकून.

आम्हाला नागपूरहून इथे कॅनडात येऊन तीन वर्षं होत आली होती. तिथे त्रिमूर्तीनगरात आमचा फ्लॅट होता, दुसऱ्या मजल्यावर, कुलूप लावून ठेवलेला. त्या उन्हाळ्यात निहारने तो विकायचं काढलं. गिऱ्हाईकही मिळालं. मुलाच्या बोलण्यात काही चूक नव्हती. "बाबा, बंद फ्लॅटचं नुसतं टेन्शन. कधी लीकेज, कधी सोसायटीचे फोन. तो विकू आणि इथला बेसमेंट फिनिश करू. तुम्हा दोघांना सेपरेट वॉशरूम, छोटं किचन, सगळं प्रॉपर." त्याने कागदावर बेसमेंटचं चित्रसुद्धा काढून दाखवलं. ह्यांनी चष्मा लावून ते नीट पाहिलं आणि म्हणाले, "बघा, तुम्हाला पटेल तसं."

निहारने तो होकार समजला. जुलैच्या पहिल्या मंगळवारी बापलेकांनी टोरंटोच्या भारतीय वकिलातीत जाऊन मुखत्यारपत्रावर सही करायची, म्हणजे फ्लॅट तिकडच्या तिकडे विकता येईल, असं ठरलं. मी पोळ्या लाटत होते. मला माहीत होतं की हा होकार नाही. पण मी पुढची पोळी तव्यावर टाकली.

हे नीट कळायला आमच्या ह्यांची एक खोड सांगायला हवी. नोकरी पाटबंधारे खात्यात केली, पण माणूस जन्माला आला होता क्रिकेटचा अंपायर व्हायला. दर रविवारी पांढरा कोट घालून नागपूरच्या कुठल्या ना कुठल्या मैदानावर उभे. खालच्या मजल्यावरचे चंद्रकांतही अंपायर, त्यामुळे दोन स्टंपांच्या मागे दोघे मित्र. आता क्रिकेटमध्ये असा एक नियम आहे की फलंदाज कितीही उघड उघड बाद असला, तरी खेळणाऱ्यांपैकी कोणीतरी पंचाला विचारावं लागतं. ओरडून, हात वर करून, कसंही, पण विचारावं लागतं. त्याला अपील म्हणतात. विचारलं नाही, तर पंच बोट वर करत नाही आणि फलंदाज खेळत राहतो.

एकदा एका कॉलेजच्या फायनलला असंच झालं. शेवटच्या ओव्हरमध्ये फलंदाज चांगला हातभर बाहेर असताना स्टंप उडाले. पोरं आनंदाने एकमेकांच्या गळ्यात पडली आणि विचारायचंच विसरली. ह्यांनी हात मागे बांधून वाट पाहिली, कोणी विचारेना, पुढचा चेंडू पडला, आणि त्याच फलंदाजाने मॅच काढली. संध्याकाळी हरलेला कॅप्टन आमच्या दारात.

"सर, तो आउट होता की नाही, एवढंच सांगा."

"होता ना."

"मग दिला काऊन नाही?"

"तुम्ही विचारलं नाही."

मी त्या पोराला चहा दिला. दुसरं काय देणार?

चपला जशा बाहेर काढतात तसा हा नियमही ह्यांनी दाराबाहेर काढून ठेवायला हवा होता. तो त्यांनी सरळ घरात आणला. आमटीत मीठ नसेल तर तशीच संपवतील. नंतर मी जेवायला बसले की मला कळणार. "अहो, बोलला का नाहीत?" तर म्हणे, "तू विचारलं नाहीस." एकदा अंगात ताप घेऊन ऑफिसला गेले, कारण सकाळी बरं वाटतंय का असं कोणी विचारलं नव्हतं. लोकांना वाटतं किती समाधानी माणूस आहे. डोंबलाचं समाधान! आत सगळे निर्णय तयार असतात. फक्त अपील यायचं असतं.

मग मी का विचारत नव्हते? कारण मला उत्तर ठाऊक होतं आणि ते मला नको होतं. जो बाद होणार तो कधी अपील करत नाही, एवढं क्रिकेट मलाही कळतं.

मला इथे आवडायला लागलं होतं. आता याची लाज वाटून घ्यायचं माझं वय नाही. नागपूरला चाळीस वर्षं मी नोकरी, सासू-सासरे आणि रविवारी ह्यांच्यासोबत येणारे भुकेले खेळाडू यांच्यात घालवली. इथे बासष्टाव्या वर्षी मी पोहायला शिकले. सकाळी सगळे गेले की बसने रिक्रिएशन सेंटरला जायचे, एकटी, स्वतःच्या पासवर. पाण्यात उताणी पडून छताकडे बघायचं. तिथे कोणाला पोळी नको असते, कोणाचा डबा नसतो. शेजारच्या लेनमध्ये एक इटालियन म्हातारी असायची, तिला माझं इंग्रजी कळायचं नाही आणि मला तिचं, तरी आमची दोस्ती होती. आणि ऊर्मी होती. तर मी विचारत नव्हते आणि मंगळवार जवळ येत होता.

तेवढ्यात डग आला.

आमच्या घराजवळच्या पार्कात बेसबॉलचं मैदान आहे. हे ऊर्मीला घेऊन संध्याकाळी तिथल्या बाकावर बसायचे. डग हा स्टील कारखान्यातून रिटायर झालेला, पोट सुटलेला, गुडघ्यांवर पट्टे बांधणारा माणूस. तो आणि त्याच्यासारखी आणखी काही रिकामटेकडी मंडळी गावाच्या जुन्या इतिहासाची हौस करायची. त्या वर्षी कॅनडाला दीडशे वर्षं होत होती आणि एक जुलैला गावोगाव कार्यक्रम होते. डगच्या मंडळींनी ठरवलं होतं की १९१३ सालची एक मॅच जशीच्या तशी पुन्हा खेळून दाखवायची. जुने कपडे, जुन्या टोप्या, सगळं. पण त्यांच्या अंपायरने ऐन वेळी गुडघ्याचं ऑपरेशन करून घेतलं होतं. डग बाकाजवळ कोणाला तरी हे गाऱ्हाणं सांगत असताना आमची ऊर्मीबाई मध्ये बोलली, "माय ग्रँडपा वॉज ॲन अंपायर!"

दुसऱ्या दिवशी डग डोनटचा डबा घेऊन आमच्या पायऱ्यांवर हजर. "सूडा," त्याने सुरुवातीलाच नाव आपल्या सोयीचं करून घेतलं, "विल यू डू इट?"

आणि हे चटकन म्हणाले, "येस."

इतकं चटकन, की मी आतून बघायला बाहेर आले. मग माझ्या लक्षात आलं की तीन वर्षांत ह्यांना थेट असं पहिल्यांदाच कोणीतरी काही विचारलं होतं.

डगने ती मॅच आम्हाला डोनट खाता खाता सांगितली. पगारी खेळाडूंची मॅच, शनिवार दुपार, कारखाने सुटलेले, स्टँड फुटायला आलेला. हॅमिल्टनचा संघ आणि शेजारच्या गावचा संघ. नऊ डाव झाले, म्हणजे ठरलेला खेळ संपला, तरी दोघांचा एकही रन नाही. दहावा, अकरावा, तरी नाही. गोलंदाजांचे हात गळून गेलेले, पण दोघेही चेंडू सोडायला तयार नाहीत. बाराव्या डावात हॅमिल्टनचा एक गडी दुसऱ्या बेसपर्यंत, म्हणजे अर्ध्या फेरीच्या थांब्यापर्यंत, पोचला. पुढच्याने चेंडू मारला, तो लांब गेला, आणि हा गडी जीव घेऊन होम प्लेटकडे, म्हणजे फेरी जिथून सुरू होते त्या जागेकडे, धावला. चेंडू आणि माणूस एकदमच पोचले. पायाखाली धूळ. अंपायरने ओरडून सांगितलं, आउट! पुढच्याच डावात शेजारच्यांनी एक रन काढला आणि मॅच एक-शून्य अशी गेली. लोकांनी बसायच्या उश्या काढून अंपायरच्या डोक्यात घातल्या. शेवटी पोलिसांनी त्याला ट्रॅममध्ये बसवून दिलं. डगचे आजोबा तेव्हा स्टँडमध्ये होते आणि मरेपर्यंत सांगत होते की तो आउट नव्हता.

"वॉज ही आउट?" ह्यांनी विचारलं.

डगने खांदे उडवले. "ही'ज बीन आउट सिन्स नाइन्टीन-थर्टीन, सूडा." सगळी मॅच खेळायला कोणाच्या अंगात त्राण नव्हतं, म्हणून फक्त तो बारावा डाव करायचा होता. शेवटी ह्यांनी आउट म्हणून ओरडायचं, आणि पोरांनी स्पंजच्या उश्या फेकायच्या.

पुढचे पंधरा दिवस मी आमच्या घरात एक वेगळाच माणूस पाहिला. सकाळी उठून दाढी. मग निहारच्या कॉम्प्युटरवर बेसबॉलचे नियम. दुपारी ऊर्मी शाळेतून आली की दोघांची अंगणात तालीम. ती सांडशी फेकून द्यावी तशी बॅट फेकायची आणि हे तिला बजावायचे की फेकायची नाही, खाली ठेवायची. एका संध्याकाळी मी भाजी निवडत असताना आपणहून म्हणाले, "या खेळात एक गंमत आहे. माणूस निघतो तिथून सगळं मैदान फिरतो, पण परत घरी पोचल्याशिवाय एकही रन मोजत नाहीत."

"हं," मी म्हटलं. मेथीच्या काड्या मोडत राहिले. विचारण्याची ती चांगली वेळ होती. मी नाही विचारलं.

एक गोष्ट मात्र त्यांना खात होती. "निर्णय जर आधीच ठरला आहे, तर पंच कशाला पाहिजे?" ते म्हणाले. "तो पोट्टा प्लेटवर आधी पोचला तर? तरी आउट द्यायचा?"

"अहो, नाटक आहे ते. सगळ्यांना शेवट माहीत आहे."

"सगळ्यांनी परस्पर ठरवलं, आणि मी फक्त हात वर करायचा."

बोलत होते मॅचबद्दल. फ्रीजवर चुंबकाखाली निहारने मंगळवारच्या गाडीची वेळ लिहून लावली होती. आम्ही दोघंही तिकडे न बघता बोलत होतो.

एक जुलै शनिवारी आला. असं ऊन पडलं की नागपूरची आठवण यावी. पार्कात लाल-पांढरे झेंडे, पोरांच्या गालांवर मेपलची पानं रंगवलेली, सॉसेजचा धूर. इथले लोक ज्याला माउंटन म्हणतात ती टेकडी मागे, आणि दुसऱ्या बाजूला लांब, तळ्याकाठी कारखान्याची धुराडी. खेळाडूंनी त्या काळचे म्हणून जाड लोकरीचे सदरे घातले होते आणि सामना सुरू होण्याआधीच ते घामाने निथळत होते. आमचे हे काळा कोट, बो टाय आणि डगने कुठून तरी आणलेली गोल टोपी घालून उभे. कोट खांद्यांवर मोठा होत होता. पण पाठ ताठ, हात मागे बांधलेले. मी त्यांना असं उभं राहिलेलं कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. मी पाण्याची बाटली काढून प्यायले.

निहार घडीच्या खुर्चीत पेंगत होता. अवंतिकाने त्याच्या डोक्यावर टोपी घातली. ऊर्मी सगळ्यांत पुढे, मांडीवर स्पंजची उशी घेऊन, आजोबांना मारायला टपलेली.

डग माइकवर सांगत होता. बारावा डाव, शून्य-शून्य. गोलंदाज झालेला माणूस एरवी दातांचा डॉक्टर होता म्हणे. त्याने थकल्याचं सोंग करायचं होतं, पण उन्हात सोंगाची गरज उरली नव्हती. दुसऱ्या बेसवर एक सडपातळ कॉलेजचा मुलगा. चेंडू मारला गेला, लांब गेला, मुलगा धावत सुटला. लोक उभे राहिले. शेवट माहीत असूनही लोक उभे राहिले, मी पण राहिले. चेंडू आला, प्लेटमागे उभ्या कॅचरने, म्हणजे इथल्या विकेटकीपरने, तो झेलला आणि घसरत आलेल्या मुलाच्या पायाला लावला. धूळ उडाली.

डग म्हणाला, "अँड द अंपायर सेज..."

अंपायर काहीच म्हणाला नाही.

धूळ खाली बसली. मुलगा प्लेटवर पाय ठेवून पडलेला, कॅचर चेंडू धरून वाकलेला, आणि हे दोघांवर नजर ठेवून, हात मागे बांधून, शांत उभे. गर्दीत कोणीतरी खोकलं. डगने परत म्हटलं, "द अंपायर सेज..." आणि माइक खरखरला. लोकांना वाटलं म्हातारा ओळ विसरला. निहार जागा होऊन पुटपुटला, "आई, बाबांना काय झालं? उन्हाचा त्रास होतोय का?" तो उठायला लागला. मी त्याचा हात धरून त्याला खाली बसवलं. मला माहीत होतं काय झालं होतं ते. त्या मैदानावर कोणालाही माहीत नव्हतं, फक्त मला. बेसबॉलमध्ये अंपायरला विचारत नाहीत, त्याने आपलं आपण ओरडायचं असतं. पंधरा दिवस हे नियम वाचले होते. पण आयुष्यभराची सवय ऐन वेळी वर आली होती. ते अपिलाची वाट बघत होते.

मला ओरडावंसं वाटलं. इथूनच ओरडावंसं वाटलं, की अहो, सांगा ना! पण ते विचारणं नव्हे.

शेवटी कॅचर वैतागला. बिचारा लोकरीत उकडून निघाला होता. मान वर करून म्हणाला, "वेल? इज ही आउट ऑर व्हॉट?"

लगेच ह्यांचा उजवा हात मागून सुटला आणि डोक्याच्या वर गेला. ओरडले नाहीत. बेसबॉलमध्ये वळतात तशी मूठ वळली नाही. एक बोट, सरळ, आभाळाकडे. क्रिकेटचं बोट.

क्षणभर कोणाला काही कळलं नाही, मग सगळं मैदान हसलं आणि उश्या उडाल्या. पहिली ऊर्मीची, नेमकी गोल टोपीवर.

नंतर लेमोनेड पिताना डगने त्यांच्या पाठीवर थाप मारली. असा ड्रामॅटिक पॉज कोणी घेतला नव्हता म्हणे, लोकांना फार आवडला. "बट व्हॉट वर यू वेटिंग फॉर, मॅन?"

"नोबडी आस्क्ड," हे म्हणाले.

डग हसून हसून लाल झाला. निहारही हसला. मला हसू आलं नाही. घरी येताना गाडीत मी त्यांना हळूच विचारलं, "खरंच आउट होता?"

"होता. बोटभर राहिला होता. मला पहिल्यापासून दिसत होतं."

"आणि कोणी विचारलंच नसतं तर?"

"तर उभा राहिलो असतो," ते म्हणाले आणि सीटला डोकं टेकून डोळे मिटले. कोट काढल्यावर परत ते तसेच दिसत होते, खिडकीशी बसणारे. आणखी किती वर्षं हा माणूस हात मागे बांधून उभा राहील, आणि मी किती वर्षं पोळ्या लाटत त्याच्याकडे पाठ करून राहीन, असं माझ्या मनात आलं. मला आतून थकवा आला. न विचारण्याचाही एक थकवा असतो आणि तो मी बराच काळ ओढत होते.

घरी कोणाच्या अंगात काही करायची ताकद नव्हती. मी मुगाची खिचडी टाकली आणि पापड भाजले. बाहेर अजून लख्ख उजेड होता. सगळे टेबलाशी बसून जेवत होते. निहार म्हणाला, "बाबा, ट्यूजडेला आपण आठची ट्रेन घेऊ. मी हाफ डे टाकलाय. साइन करून लगेच रिटर्न."

"बरं," हे म्हणाले.

मी पापड खाली ठेवला.

"अहो," मी म्हटलं, "तुम्हाला नागपूरला परत जायचंय का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी नजर काढून घेतली नाही. मग त्यांचा जेवता हात ताटावरून उठला आणि एक बोट वर झालं. त्या बोटाला खिचडीचं शीत चिकटलेलं होतं.

"म्हणजे काय?" निहार म्हणाला. "बाबा?"

"दॅट मीन्स आउट, डॅड," ऊर्मी म्हणाली.

निहारने चमचा ठेवला. त्याचा चेहरा लहान झाला, शाळेत नंबर हुकला की व्हायचा तसा. "पण तुम्ही काही बोलला का नाहीत? मी तुम्हाला सगळं दाखवलं. बेसमेंटचं ड्रॉइंग दाखवलं..."

"दाखवलंस, बेटा. विचारलं नाहीस."

"मला वाटलं तुम्हाला इथे आवडतं."

"तुम्ही सगळे आवडता. ऊर्मी तर फार." ते थांबले. एवढं सलग बोलायची त्यांना सवय नव्हती. "पण मी इथे नुसता बसून राहिलो आहे रे. तिथे चंद्रकांत आहे, मैदान आहे. पोट्टे अजून येतात, सर हे कसं, सर ते कसं. इथे मला कोणी काही विचारत नाही."

अवंतिकाने डोळे पुसले. ती म्हणाली, "बाबा, फ्लॅट नाही विकायचा. दॅट्स इट. बेसमेंट राहू दे तसाच." निहारने मान हलवली. मग तो उठला, फ्रीजवरचा कागद काढला आणि चुरगळून खिशात घातला. बापाच्या खुर्चीमागे जाऊन नुसताच उभा राहिला, आणि ह्यांनी मागे न बघता डाव्या हाताने त्याचा हात थोपटला.

सगळे पांगल्यावर मी ताटं सिंकमध्ये ठेवली. फ्लॅट वाचला, माणूस सुटला, आणि आता मी बाद, असंच मी धरून चालले होते. कधी निघायचं, काय न्यायचं, पोहण्याचा पास कोणाला द्यायचा, हे मनातल्या मनात सुरूही झालं होतं. नवरा निघाला की बायकोने बॅग भरायची, यात ठरवण्यासारखं काय असतं? हे स्वतःचं ताट घेऊन आले आणि माझ्याशेजारी उभे राहिले.

"प्रभा," ते म्हणाले, "तू काय करशील?"

मी नळ बंद केला. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण हा प्रश्न मला कोणी केला नव्हता. ह्यांनी नाही, सासूबाईंनी नाही, माझ्या आईनेही नाही. नेहमीसारखे गप्प राहिले असते तर मी मुकाट्याने गेले असते आणि उरलेलं आयुष्य कुरकुरत काढलं असतं. पण त्यांनी विचारलं होतं, आणि माझं उत्तरही आत केव्हाचं तयार होतं.

"मी नाही येणार," मी म्हटलं. "हिवाळ्यात येत जाईन दोन-तीन महिने. पण राहायला नाही."

एकदा बाद दिल्यावर पंचाकडे बघत उभं राहायचं नसतं, ही त्यांचीच शिकवण. मैदानावर रेंगाळणाऱ्या पोरांना ते झापायचे. आता ते स्वतः क्षणभर तसेच उभे राहिले, माझ्याकडे बघत. मग त्यांनी मान हलवली, हुकावरचं फडकं काढलं आणि ओलं ताट पुसायला घेतलं.